अर्जुनाच्या सालीची पुडी: माल चांगला, लेबल धोक्याचं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सासऱ्यांसाठी अर्जुनाच्या सालीची पूड आणली होती. मालात खोट नाही. रंग फिकट विटकरी, कुबट वास नाही, आणि चिमूटभर जिभेवर ठेवली तरी तोंड आवळून येईल इतकी तुरट. तरी मी म्हणेन, अख्खी साल घ्या. आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष माटी अर्जुनाच्याच भावकीतला, त्यामुळे पूड झाली की कोणाची साल कोणती ते कळत नाही. झाडावर मात्र फरक चटकन दिसतो: माटीची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत.

माझी तक्रार लेबलाची आहे. त्यावर ठळक छापलंय, ‘छातीत दुखताच घ्यावे’.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. सासूबाईंनी लगेच या सालीच्या काढ्यासाठी दूध चुलीवर चढवलं. हा काढा दुधात चौपट पाणी घालून, पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचा असतो. मी १०८ ला फोन लावत होते आणि त्या म्हणत होत्या, “अगो थांब, होतच आलाय!” त्यांची माया मला दिसत होती, पण दूध आटेपर्यंत थांबलो असतो तर? बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचल्यावर कळलं की हृदयविकाराचा झटकाच होता.

त्यानंतर मी या सालीबद्दल मिळेल ते वाचलं. २००२ साली छापलेल्या एका भारतीय चाचणीत, श्रमाने छाती दुखणाऱ्या ५८ पुरुषांना सालीचा ५०० मिलिग्रॅम अर्क दर आठ तासांनी, एक आठवडा दिला. दुखणं कमी झालं, ट्रेडमिलवर ते जास्त वेळ टिकले. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट या छातीदुखीवरच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा गुण दिसला. म्हणजे साल अगदीच निरुपयोगी नाही. पण माणसं ५८, मुदत आठवड्याची, आणि दिला तो मोजून केलेला अर्क, चमच्याने घेतलेली पूड नव्हे. पुढे २०१६ साली दिल्लीच्या एम्सची चाचणी आली. हृदय कमकुवत झालेल्या १०० रुग्णांपैकी काहींना १२ आठवडे अर्क देऊनही हृदयाची रक्त ढकलायची ताकद वाढली नाही. झटका आल्यावर घोटभर काढ्याने बंद पडलेली रक्तवाहिनी उघडते, असं तर कुठल्याच चाचणीत नाही.

सासरे आता रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड त्यांना द्यायची नाही, असं सासूबाईंनीच ठरवलंय. मालाला पाचातले चार देते, लेबलाला शून्य. दुकानदारांना भेटून सगळं सांगितलं, तेव्हा त्या ओळीवर कागद चिकटवतो म्हणाले. येत्या शुक्रवारी बघायला जाणार आहे.