‘मराठा रेजिमेंटचं टार्टन’ विकत घेण्याआधी हे वाचा

एडिनबराच्या रॉयल माइलवर भारतीय पर्यटकांना गाठून चाललेला एक धंदा सांगतो. मराठी म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, घरात कुणी फौजेत? मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, हे ऐकताच कपाटातून ‘मराठा रेजिमेंटचं अधिकृत टार्टन’ बाहेर आलं. टार्टन म्हणजे स्कॉटलंडचं रंगीत चौकड्यांचं कापड. शाल १२० पौंड, वर ती अंगावर घेण्याच्या ‘परवान्या’चे ३०. प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक, लाखेचा शिक्का आणि एक गोष्ट: १८०३ साली असईला मराठ्यांचं शौर्य पाहून हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणींनी त्यांना आपलं टार्टन बहाल केलं.

असई आपल्या जालना जिल्ह्यात. तिथे ७४वी आणि ७८वी हायलँडर पलटण इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर शिंदे-भोसल्यांच्या फौजेवरच चालून आली होती. त्याबद्दल त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं. शाल कुणी कुणाला दिली नाही.

मी मात्र तेव्हा शाल घेऊन बसलो होतो. बेळगावला मामांनी ती उलटी केली. मागून रंग फिके. काठाचा एक धागा ओढला, तर त्या एकाच धाग्यावर हिरवा, काळा, निळा असे टप्पे. म्हणजे चक्क छापील! खरं टार्टन आधी रंगवलेल्या सुतातून विणतात. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. “अरे, हे आमच्या पलटणीत मी कधी बघितलं नाही,” मामा म्हणाले.

नमुना होता ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीचा, साधा. लष्कर त्यालाच गव्हर्नमेंट टार्टन म्हणतं. गॉर्डन हायलँडर्सनी त्यात पिवळी रेघ घातली, ७८व्या पलटणीने लाल-पांढरी. पलटण ओळखायची ती या रेघांवरून, आणि कुणी काय घालायचं ते लष्कर ठरवतं. या बहाद्दराने एक वेगळी रेघ घालायचीही तसदी घेतली नव्हती.

स्कॉटलंडची टार्टन नोंदवही २००८ च्या कायद्याने झालेली, इंटरनेटवर फुकट पाहता येते. प्रमाणपत्रावरचा क्रमांक टाकला, तर भलताच फॅशनचा नमुना उघडला. समजा तिथे नाव सापडलं असतं, तरी ती नुसती नोंद. लष्कराची मान्यता नव्हे. आणि शाल पांघरायला परवाना लागतो असा कायदाच नाही, तेव्हा ते ३० पौंड म्हणजे शुद्ध लूट.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते. ब्रिटनच्या कायद्यानुसार तिथल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या १०० पौंडांवरच्या वस्तूसाठी कार्ड देणारी बँकही जबाबदार असते, म्हणून दावा टाकलाय. दुकानदार आता म्हणतो, ही नुसती ‘आठवणवस्तू’ होती. पावतीवर मात्र ‘अधिकृत रेजिमेंटल’ छापलंय. तिचा फोटो जोडलाय.