ट्रक कॅम्पर, चिंगी आणि तीन पायऱ्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रक कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची राहण्या-झोपण्याची खोली, जिथून घेतला त्या दुकानाला पाठवलेल्या तिसऱ्या ईमेललाही उत्तर आलेलं नाही. दोन आठवडे झाले. आठ महिन्यांचा अनुभव सावकाश लिहीन म्हणत होते, तो आता आजच लिहिते. ज्या गोष्टीवरून हे भांडण चाललंय तिच्याबद्दल घेताना मला कुणी एक शब्द सांगितला नव्हता, आणि कुत्रं घेऊन हिंडणाऱ्या प्रत्येकाला तिच्याशी गाठ पडणार आहे. ती गोष्ट म्हणजे मागच्या दाराच्या पायऱ्या.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. नवरा, मी आणि चिंगी. चिंगी शेल्टरमधून आणलेली, लॅब्रॅडोरच्या वळणाची, वय नऊ, वजन ६८ पौंड म्हणजे साधारण ३१ किलो. मागच्या दोन्ही खुब्यांना संधिवाताची सुरुवात आहे. थ्री-क्वार्टर टन, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या वर्गातला पिकअप घरात आधीपासून होता. सप्टेंबरात त्याच्या हौद्यात बसणारा, छत वर उचलायचा, वरच्या भिंती कापडी असलेला कॅम्पर घेतला. तीन वर्षं वापरलेला होता, पण दुकानाने स्वतःची एक वर्षाची वॉरंटी दिली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच आठवड्यांची सुट्टी जुळवून न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि युटा असा फेरा केला. दिवसाला १५० मैलांच्या वर गाडी हाकायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं आणि ते पाळलं. त्यानंतर हिवाळ्यात जमतील तेवढे शनिवार-रविवार.

वजनाचं लवकर उरकते. माहितीपत्रकात कॅम्परचं वजन १,५६० पौंड लिहिलंय, त्यावर अजिबात जाऊ नका. २० गॅलनची पाण्याची टाकी भरली की १६७ पौंड तिथेच वाढले. मग गॅस, बॅटरी, कुकर, तवा, तांदूळ, पांघरुणं, आम्ही दोघं आणि चिंगी. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर आधी रिकामा आणि मग भरलेला पिकअप चढवला, तर फरक २,६४० पौंडांचा निघाला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर आमच्या गाडीला २,९१० पौंडांची परवानगी देतं, म्हणून निभावलं. हाफ-टनवर, म्हणजे त्याहून हलक्या पिकअपवर, हाच कॅम्पर चढवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा काट्यावर जाऊन यावं, एवढंच सांगेन.

आता पायऱ्या. कॅम्पर हौद्यात बसतो, त्यामुळे त्याची जमीन हौद्याच्या उंचीवर असते. आमच्या दाराचा उंबरा जमिनीपासून ३९ इंच आहे. मी टेप लावून तीनदा मोजलाय. तिथून खाली घडीच्या तीन पायऱ्या येतात. प्रत्येक पायरी जेमतेम आठ इंच रुंद, मागच्या बाजूने उघडी, आणि वर पाय घसरू नये म्हणून दातेरी जाळी. माणसाच्या बुटाला ही जाळी उत्तम. कुत्र्याच्या पंजाला ती बोचते आणि नखं तिच्यात अडकतात. शिवाय पायऱ्या मागून उघड्या, त्यामुळे चढताना खालची जमीन दिसते आणि कुत्रं बिचकतं. चिंगीने पहिल्या दिवशी एक पंजा वर ठेवला, काढला, आणि माझ्याकडे बघत बसून राहिली.

आम्ही जाळीवर जुन्या गालिच्याचे तुकडे बांधले. मागून पुठ्ठा लावून उघडी बाजू बंद केली. त्यानंतर ती हळूहळू चढायला लागली, मी पोटाखाली हात धरून. आठवडाभरात सवय झाली असं वाटलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कोलोरॅडोतल्याच ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांच्या राष्ट्रीय उद्यानात, पिन्यॉन फ्लॅट्स या मुक्कामाच्या तळावर होतो. तिथली वाळू उन्हाळ्यात दुपारी १५० फॅरनहाइटपर्यंत तापते, म्हणून कुत्र्यासाठी ऑक्टोबर बरा म्हणून मुद्दाम तेव्हा गेलो होतो. सकाळी चिंगी उतरत असताना मधल्या पायरीचा उजवा रिव्हेट सुटला. पायरी तिरकी झाली, गालिचा सरकला, तिचं नख जाळीत अडकलं आणि मागचा भाग खाली आपटला. तिचा तो आवाज माझ्या डोक्यातून अजून जात नाही. अलामोसाला व्हेटकडे नेलं. हाड शाबूत होतं, एक नख उपटलं होतं, चार दिवस विश्रांती सांगितली.

दुकानाला फोन केला तर उत्तर मिळालं की पायऱ्या माणसांसाठी आहेत, प्राण्यांच्या नखांनी झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पायरीच्या बाजूला ३०० पौंडांचं स्टिकर आहे. चिंगी ६८ पौंडांची. नखाने रिव्हेट तुटत नाही, तो आधीच ढिला झालेला असतो. मी फोटो पाठवले. भोकाच्या कडेला झिजेची काळी रेघ स्पष्ट दिसत होती. त्यांनी पायऱ्यांच्या नव्या संचाची किंमत कळवली, ३८५ डॉलर. नवऱ्याने सगळे रिव्हेट ड्रिलने काढले आणि स्टेनलेसचे बोल्ट व नायलॉक, म्हणजे हादऱ्याने सैल न होणारे, नट बसवले. ९ डॉलर, वीस-पंचवीस मिनिटं. त्यानंतर ती पायरी हललेली नाही. राग पैशांचा आहेच, ३८५ डॉलर मी असे सोडणार नाही. पण ज्या दुकानाने चिंगीला सोबत बघून “डॉग-फ्रेंडली” म्हणून हा कॅम्पर आम्हाला विकला, त्याने तिच्या नखांवर खापर फोडलं, याचा राग जास्त आहे.

पायरी दुरुस्त झाली, पण चिंगी आता तिच्यावर पाय ठेवेना. उचलून घ्यायचं तर ३१ किलोचं कुत्रं छातीच्या उंचीवर न्यायचं, रात्री दोनदा, सकाळी एकदा, प्रत्येक थांब्याला पुन्हा. नवऱ्याची पाठ तीन दिवसांत गेली. मग सहा फुटी घडीचा रॅम्प आणला, १३० डॉलरचा. ३९ इंचाच्या उंबऱ्याला ७२ इंचाचा रॅम्प लावला की चढ जवळजवळ ३३ अंशांचा होतो. तरुण कुत्रं धावत जाईल. दुखऱ्या खुब्यांचं कुत्रं मधे थांबतं आणि मागे घसरायला लागतं. त्या संध्याकाळी मी कॅम्पर विकायला काढायचा मजकूर लिहूनही ठेवला होता.

रात्री आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. ते फलटणजवळ गावी असतात. मी सगळं सांगितलं, रॅम्प दाखवला. आप्पा म्हणाले, “अगं, म्हस टेंपूत कशी चढवतोय आपण? टेंपू बांधाला लावतोय. तिकडं बांध न्हाईत का?”

लहानपणी मी हे शंभर वेळा पाहिलंय. टेम्पो उलटा घेऊन शेताच्या बांधाला चिकटवतात, बांध आणि हौदा जवळजवळ एका पातळीत येतो, फळी टाकतात आणि जनावर निवांत आत जातं. मला स्वतःला ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही जागा निवडताना नजाऱ्याच्या आधी बांध बघायला लागलो. बांध १५ इंचांचा मिळाला तर चढायला २४ इंच उरतात आणि तोच रॅम्प २० अंशांच्या खाली येतो. चिंगी पहिल्याच फेरीला आत गेली, आतून वळली आणि परत बाहेर आली. मग पुन्हा आत.

यात एक गोष्ट सांभाळायची. बांध फक्त मागच्या टोकाला हवा, चाकांखाली जमीन सपाट पाहिजे, नाहीतर रात्रभर एका कडेला घरंगळायला होतं. जुन्या गॅसवरच्या फ्रीजला तर तिरकी गाडी चालतच नाही. आमचा फ्रीज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरचा आहे, त्याला थोडा कल चालतो. त्या फ्रीजसाठी मोजलेले जास्तीचे पैसे मला त्या वेळी बोचले होते. आता नाही.

न्यू मेक्सिकोत ऑलिव्हर ली पार्क डोंगराच्या पायथ्याशी आहे, जमीन उताराची, तिथे बांधच बांध. चार रात्री राहिलो. तिथूनच व्हाइट सँड्सला दिवसभराच्या फेऱ्या केल्या, कारण आत गाडी लावून झोपण्याची सोय नाही. १९३३ पासून राष्ट्रीय स्मारक असलेली ही जागा २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. इथली वाळू जिप्समची, ती उन्हात तापत नाही. ग्रेट सँड ड्यून्सला प्रत्येक पावलाला हात लावून बघणारी मी, इथे दुपारी एक वाजता स्वतः अनवाणी चालले. चिंगी पांढऱ्या वाळूत पाठीवर लोळली. पट्टा सहा फुटांचाच हवा, हा नियम सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत आहे. जवळ क्षेपणास्त्र चाचणीचा तळ असल्याने आतला रस्ता अधूनमधून बंद ठेवतात, तेवढं आधी बघून जावं.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना सगळ्या पायवाटांवर परवानगी आहे. बावीस कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडं हुंगत चिंगी तासभर फिरली. तिथेही आत मुक्कामाची सोय नाही. ग्रँड कॅन्यनला दक्षिण कड्यावरच्या वाटांवर कुत्रं चालतं, कड्याखाली नाही, शटल बसमध्येही नाही. तिथल्या मॅदर या मुक्कामाच्या तळावरची आमची जागा डांबरी आणि सपाट होती. बांध नाही म्हणून चिंगीला उचलणं आलं, आणि दोन रात्रींत नवऱ्याच्या पाठीने पुन्हा नकार दिला. मग बाहेर कैबाबच्या सरकारी जंगलात गेलो, पाँडेरोसा पाइनमध्ये. कच्च्या रस्त्याच्या कडेला सोळा इंचांचा बांध मिळाला, आणि जागा फुकट. सहा रात्री तिथून हललो नाही. सगळ्या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच. युटातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात मात्र कुत्र्याला एकाही पायवाटेवर नेता येत नाही, तिथे आम्ही आळीपाळीने गेलो. शेजारच्या डेड हॉर्स पॉइंट या राज्य उद्यानात चालण्याच्या वाटांवर पट्ट्यासह चालतं. कुत्रं असेल तर तिथे जास्त वेळ ठेवा.

आळीपाळीने जाण्याचं कारण ऊन. बाहेर ७० फॅरनहाइट म्हणजे आपल्याला सुखद हवा, पण बंद गाडीत अर्ध्या तासात पारा १०० च्या वर जातो. कॅम्परला छतात पंखा आहे, थर्मोस्टॅटवर चालतो, छतावरच्या सौर पॅनेलमुळे बॅटरी उतरत नाही. तरी बॅटरी किंवा पंखा बंद पडला तर काय, या विचाराने मी चिंगीला एकटी वीस मिनिटांवर ठेवलेलं नाही.

कापडी भिंतींबद्दल माझं मत पार बदललं. पिन्यॉन फ्लॅट्सची उंची ८,२०० फूट, रात्री पाणी गोठलं, हीटर सतत चालू, सकाळी कापडावरून पाणी ओघळत होतं. तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं की पक्क्या भिंतींचा घ्यायला हवा होता. मग आम्ही छताचा झरोका दोन बोटं उघडा ठेवायला लागलो आणि ओल निम्म्यावर आली. आणि कैबाबमध्ये तीन बाजूंच्या चेन उघडून जाळ्या लावल्यावर आतबाहेर वारा खेळायला लागला. चिंगी नाक वर करून तासन्‌तास वास घेत पडलेली असायची. पक्क्या भिंतींत हे मिळालं नसतं. छत खाली केल्यावर वाऱ्यात गाडी हलत नाही, पेट्रोलही कमी लागतं.

तिची झोप हा वेगळा प्रश्न होता. आमचं अंथरूण ड्रायव्हरच्या टपावर, ती खाली. घरी ती पलंगाला लागून झोपते. पहिल्या तीन रात्री ती रडली आणि नवरा तिच्याजवळ बाकावर झोपला. चौथ्या रात्री माझी जुनी गोधडी तिच्या गादीवर टाकली, मग शांत झाली. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळतीचा सेन्सर जमिनीलगत असतो. तिची गादी त्याला टेकू देऊ नका, आमचा सेन्सर केसांनी भरला होता.

घ्यायचा का, असं मला दोघींनी विचारलंय. कुत्रं लहान किंवा तरुण असेल तर खुशाल घ्या. मोठं आणि वयस्क असेल तर दुकानात जाताना त्यालाही न्या, उंबरा टेपने मोजा, आणि दुकानदारासमोर त्याला दोनदा चढवून-उतरवून बघा. रिव्हेट हाताने हलवून बघा. हौद्याला कॅम्पर आवळणारे टर्नबकल पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

विकायला काढायचा तो मजकूर मी जानेवारीत खोडला. चिंगी जूनमध्ये दहाची होईल. मे महिन्यात साउथ डकोटात ब्लॅक हिल्सला जायचं ठरलंय, तिथल्या जंगलातले रस्ते मी आत्ता नकाशावर बघतेय, कुठे बांध सापडेल म्हणून.