सीडी रिप करताना फ्लॅक घ्यावं का एमपीथ्री?
घरी खंजेरी भजनाच्या सीड्या पडल्या असतील तर भाऊ लवकर कम्प्युटरवर घ्या (यालेच रिप करणं म्हणतात), टिनाखाली तापून अन धुळीनं ओरखडे पडून एखाद दिवशी ड्राइव्ह वाचणारच नाही. आता फॉरमॅट, म्हणजे आवाजाच्या फाइलचा प्रकार. सीडीतला आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा, दोन चॅनेलचा (स्टिरिओ), म्हणजे सेकंदाले १४११ किलोबिट. फ्लॅक त्यातलं काहीच फेकत नाही, साइज साधारण निम्मी होते अन वाजवताना बिट न बिट तेच निघते. एमपीथ्री मात्र कानाले कळणार नाही असं समजून बराच माल काढून टाकते, तो गेला तो गेला. सेकंदाले १२८ किलोबिटवर खंजेरीची छुनछुन पाण्यात बुडल्यावानी येते बाप्पा, पण ३२० वर ट्रॅक्टरच्या स्पीकरवर फरक सांगणारा मले तरी भेटला नाही.

तरी मी म्हणतो मेन कॉपी फ्लॅकच, त्यावरून एमपीथ्री कधीबी बनते, उलटं केलं तर फाइल फक्त फुगते. पेनड्राइव्हले एमपीथ्री बरं, जुन्या प्लेअरवर फ्लॅक बहुतेक चालतच नाही.

अन सीडी लय घासली असली तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर वापरा, ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पाह्यते, टाइम लागते फक्त.