वारंवार निखळणारा खांदा : दुर्बीण की उघडी शस्त्रक्रिया? नागपुरातील दोन रुग्णालयांचा अनुभव

नागपुरात हाडांच्या दुखण्यावर खाजगी उपचार घ्यायचे म्हटले की पावले धंतोली-रामदासपेठेकडे वळतात आणि तिथल्या बहुतेक फलकांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे नाव ठळक अक्षरांत झळकत असते. माझा भाचा महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळतो आणि कोपरारक्षक आहे. पकड करताना त्याचा खांदा पुनःपुन्हा सटकू लागला आणि पुढे तर झोपेत कूस बदलतानाही निखळला, तेव्हा आम्ही त्याला दोन रुग्णालयांत दाखवले. दोन्ही रुग्णालयांची नावे मी देत नाही, कारण इथे तपासायची आहे ती निर्णय घेण्याची पद्धत.

पहिल्या ठिकाणी एमआरआय पाहून लेब्रम, म्हणजे खांद्याच्या वाटीभोवतीची तंतुमय कड, फाटल्याचे सांगण्यात आले आणि ते निदान बरोबरच होते. त्यानंतर मात्र आम्हाला समुपदेशन कक्षात पाठवण्यात आले, जिथे तीन छिद्रे, दुसऱ्या दिवशी घरी, व्रण जवळपास नाही, असे सांगत पॅकेजचा कागद पुढे सरकवण्यात आला. मुलगा कोणता खेळ खेळतो हे विचारले गेले, पण तो चढाई करतो की पकड, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. हाडाची किती झीज झाली आहे हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन करावा, असेही कोणी सुचवले नाही. उघडी शस्त्रक्रिया हा आता जुना प्रकार झाला, एवढ्या एका वाक्यात दुसरा पर्याय निकालात निघाला.

तो तसा निकालात काढण्याजोगा नाही. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा दंडाच्या हाडाचा गोळा ज्या वाटीत बसतो तिच्या पुढच्या-खालच्या कडेवरून लेब्रम सुटून येते. ब्रिटिश शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली या दुखापतीचे वर्णन केले, म्हणून तिला आणि तिच्या दुरुस्तीलाही त्यांचेच नाव आहे. ही कड अँकर, म्हणजे हाडात रोवायच्या छोट्या खुंट्या, आणि टाक्यांनी पुन्हा हाडाला बसवणे, हे काम दोन्ही पद्धतींत एकच असते. फरक असतो तो तिथवर पोहोचण्याच्या वाटेचा. उघड्या पद्धतीत समोरून चिरा घेऊन सबस्कॅप्युलॅरिस हा स्नायू फाकवावा किंवा सोडवून पुन्हा शिवावा लागतो, तर दुर्बिणीत त्याला हात लावावा लागत नाही. त्यामुळे दुर्बिणीनंतर सुरुवातीचे दुखणे कमी राहते, हात बाहेरच्या बाजूला वळण्यात कमतरता राहण्याची शक्यता कमी असते आणि सांध्याच्या आत आणखी काही बिघडले आहे का, तेही त्याच वेळी पाहता येते. हे फायदे खरे आहेत.

पण खांदा पुन्हा निखळणार की नाही, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. कॅनडातील कॅलगरी येथे १९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनंतर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ११ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात सुमारे २३ टक्के रुग्णांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला. रुग्णांनी स्वतः दिलेल्या जीवनमानाच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, आणि ही दुसरी बाब लपवून पहिलीच सांगणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याआधी, २००० साली, बर्कहार्ट आणि डी बिअर या शल्यचिकित्सकांनी केवळ दुर्बिणीने केलेल्या दुरुस्त्या तपासल्या होत्या. हाडाची मोठी झीज नसलेल्यांत अपयश ४ टक्के होते आणि झीज असलेल्यांत ६७ टक्के. शस्त्रक्रिया तीच असताना एवढी तफावत हाडामुळे पडते, हे ज्या रुग्णालयात सांगितले जात नाही तिथे सही करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या रुग्णालयात नेमके इथूनच सुरुवात झाली. तिथल्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, भाच्याला निजवून त्याचा हात कोपरात वाकवला, बाजूला नेला आणि सावकाश मागे वळवला. हात निम्माच उचललेला असताना त्याने डोळे घट्ट मिटून “बस, सर” म्हटले. सरांनी लगेच खांद्यावर समोरून तळहाताचा दाब दिला, तशी त्याची भीती ओसरली. हात पूर्ण वर जाण्याआधीच भीती वाटली तर हाडाच्या झिजेचा संशय घ्यावा, असे सांगून त्यांनी त्रिमितीय सीटी स्कॅन करून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत संगणकावर दंडाच्या हाडाचा गोळा चित्रातून वगळून त्यांनी नुसती वाटी समोर आणली आणि तिच्या खालच्या भागावर एक वर्तुळ काढले. निरोगी वाटी खालच्या बाजूला रुंद असते. इथे पुढची कड वर्तुळाच्या बरीच आत सरकली होती आणि वाटी उलट्या धरलेल्या नासपतीसारखी दिसत होती. “काका, झीज २० टक्क्यांच्या वर आहे आणि हा पकडीचा खेळाडू आहे. इथे नुसती कड शिवून भागणार नाही,” असे त्यांनी सांगितले. ते स्वतः दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया नेहमी करतात, म्हणून त्या सल्ल्याला माझ्या लेखी अधिक वजन होते.

त्यांनी सुचवलेली शस्त्रक्रिया होती लाटार्जे. फ्रान्समधील लियाँचे मिशेल लाटार्जे यांनी १९५४ साली मांडलेल्या या पद्धतीत कोराकॉइड या खांद्याच्या पुढच्या बाजूच्या हाडाचा तुकडा त्याला जोडलेल्या स्नायुबंधासह कापून वाटीच्या झिजलेल्या कडेवर स्क्रूने बसवतात. हाडाची उणीव भरून निघते आणि हात वर-मागे जाताना तो स्नायुबंध गोळ्याला समोरून आधार देतो. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीनेही करतात, पण ती फार अवघड समजली जाते. जोखमीही सांगण्यात आल्या: जवळून जाणाऱ्या नसांना इजा, हाडाचा तुकडा न जुळणे, स्क्रूचा त्रास आणि पुढे कधीतरी सांध्याची झीज. संमतीपत्रावर सही घेण्याआधी हे सगळे मराठीत, मुलासमोर सांगितले गेले.

लाटार्जेनंतर भाच्याचे हाड जुळल्याचे सीटीत दिसले आणि साधारण सहा महिन्यांनी त्याला मॅटवर उतरण्याची परवानगी मिळाली. हात बाहेर वळण्यात किंचित कमतरता राहिली आहे. पकडीत ती जाणवत नाही, पण त्याच्या जागी वेगवान गोलंदाज असता तर कदाचित जाणवली असती. याच सरांनी हाड शाबूत असलेल्या एका बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीला आमच्यादेखतच दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा त्यांचा आग्रह चिऱ्यासाठी नव्हता हेही पटले.

खर्चाच्या अंदाजपत्रकात दुर्बिणीच्या पॅकेजमध्ये मोठा वाटा अँकर आणि एकदाच वापरायच्या साहित्याचा होता. लाटार्जेत दोन स्क्रू असल्याने साहित्याचा आकडा बराच कमी दिसला. त्यामुळे ‘छोटे छिद्र, छोटा खर्च’ असे कोणी गृहीत धरू नये. अँकर किती आणि कोणत्या कंपनीचे, हे आधी लेखी मागावे आणि त्यांची स्टिकरे डिस्चार्जच्या कागदांवर लावून घ्यावीत. खाजगी खर्च झेपत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात दाखवता येते.

दुसऱ्या रुग्णालयालाही मी पूर्ण गुण देणार नाही. बाह्यरुग्ण विभागात वेळ घेऊनही ताटकळावे लागते, आणि धंतोलीत गाडी कुठे लावायची हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या निर्णयाहून कधी कधी अवघड वाटतो. खरी उणीव फिजिओथेरपीत आहे. स्लिंग काढल्यानंतरच्या व्यायामांचा कागद फक्त इंग्रजीत मिळाला, पहिले काही आठवडे हात बाहेर किती अंशांपर्यंत वळवायचा ही सर्वांत महत्त्वाची सूचना त्यात बारीक अक्षरांत तळाशी होती, आणि तो विभाग संध्याकाळी पाचलाच बंद होत असल्याने महाविद्यालयीन मुलाची पंचाईत होते. आम्ही शेवटी मानेवाड्यातील घराजवळच फिजिओथेरपिस्ट शोधला आणि शस्त्रक्रियेची टिपणे त्याला स्वतः नेऊन दिली.