मूळ-कूळ माहीत नसलेली रेसिंग कार: मला कसं गंडवलं

विकणाऱ्याने एकदाही म्हटलं नाही की ही कूपर आहे, म्हणजे त्या नावाजलेल्या ब्रिटिश रेसिंग कार कंपनीची गाडी. जाहिरातीत एवढंच होतं, '500 सीसीची जुनी ब्रिटिश रेसिंग कार, बनवणारा अज्ञात'. बाकी सगळं मला 'सापडत' गेलं. खोटी गाडी खरी म्हणून विकणारे सगळ्यांनाच ठाऊक असतात. इथे गाडी अनोळखी म्हणूनच विकतात, आणि खोटं गिऱ्हाइकाच्याच तोंडून वदवून घेतात.

या फसवणुकीला ही 500 सीसीची जात फार सोयीची पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पैसा आणि सामान दोन्हीची चणचण होती, तेव्हा हौशी लोकांनी मोटरसायकलचं इंजिन पाठीमागे बसवून छोट्या रेसिंग कार बनवायला सुरुवात केली. कूपर बापलेकांची 1946 मधली पहिली गाडी फियाट टोपोलिनो या छोट्या इटालियन गाडीचे दोन पुढचे भाग एकमेकांना जोडून झाली होती. पुढे गाजलेला ब्रिटिश रेसर स्टर्लिंग मॉस याने 1948 मध्ये अशाच कूपरमधून नाव कमवायला सुरुवात केली. 1950 मध्ये या वर्गाला फॉर्म्युला 3 म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. कूपरच्या बरोबरीने कितीतरी लोकांनी आपापल्या गॅरेजात एकेक गाडी बनवली आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांची कुठे धड नोंदच नाही. त्यामुळे 'ही कुणाची कळत नाही' हे वाक्य इथे संशयास्पद वाटत नाही. उलट तोंडाला पाणी सुटतं.

माझ्याकडे आली त्या गाडीत जेएपी या ब्रिटिश कंपनीचं एक-सिलिंडर इंजिन होतं, चेनवर चालणारं मागचं अ‍ॅक्सल होतं, पुढे-मागे आडवे लीफ स्प्रिंग होते. चाकं ब्रेकच्या ड्रमसकट एकाच ओतकामातली, कूपरच्या खास धाटणीची. पुढच्या आडव्या नळीवर रंगाखाली काहीतरी खोदल्यासारखं बोटाला लागत होतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "असेल काहीतरी, मी कधी खरवडून बघितलं नाही." सीटच्या पत्र्यामागे जुन्या फोटोची एक प्रत अडकलेली होती, त्यात 11 नंबरची गाडी वळणावर होती. तीही मलाच मिळाली. रंग खरवडला, अर्धेमुर्धे आकडे निघाले, आणि त्या संध्याकाळी मी सौदा पक्का केला.

मग तज्ज्ञ. विकणाऱ्याने त्याचं नाव सुचवलं नाही, फक्त गप्पांत एकदा त्याचा उल्लेख केला. मीच शोधून त्याला गाठलं. त्याने आगाऊ फी घेतली आणि अहवालात लिहिलं की आकडे 1952 नंतरच्या कूपरशी जुळतात, म्हणजे कूपरने पूर्ण नळ्यांची चासी (गाडीचा सांगाडा) आणली त्या काळाशी. फोटोतली गाडी हीच. वर कूपरच्या कारखान्याच्या, लंडनजवळच्या सर्बिटनच्या पत्त्याचं 1955 चं एक पत्रही त्याच्या 'संग्रहात' निघालं. त्यात गाडी कुणाला विकली तेही होतं. अहवालात जागोजागी 'माझ्या मते' हे दोन शब्द होते, त्यांची किंमत नंतर वकिलाने समजावली.

त्यानंतर तो म्हणाला की आणखी थोडी फी द्या, एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संस्थेचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट काढून देतो, मग या गाडीवर कुणी शंका घेणार नाही. इथे तो घसरला. तो पासपोर्ट गाडीची तांत्रिक घडण त्या काळच्या नियमांत बसते की नाही, शर्यतीत कुठल्या वर्गात उतरता येईल, एवढ्यापुरता असतो. गाडी अस्सल असल्याची ती ग्वाही नव्हे, हे खुद्द एफआयएच सांगते. जुन्या गाड्यांत आयुष्य घातलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्यच नाही. म्हणून मी त्याचे कागद पुन्हा काढून बसलो.

पत्र आधी उघडं पडलं. लेटरहेडवरच्या पत्त्याखाली केटी 6 ने सुरू होणारा पोस्टकोड छापला होता. ब्रिटनमध्ये असे कोड 1959 मध्ये नॉरिच शहरात प्रयोग म्हणून सुरू झाले आणि देशभर लागू होईपर्यंत 1974 उजाडलं. 1955 च्या सर्बिटनला तो कोड कुठून येणार? कागद पिवळा केला होता, घड्या पाडल्या होत्या, टाइपरायटरही जुनाच वापरला होता. एवढी मेहनत करून पत्ता मात्र आजचा उतरवला.

फोटोचा उलगडा एका जुन्या गाड्यांच्या संग्राहकाने केला. त्याच्याकडे मूळ छपाई होती. माझ्या प्रतीत फोटो उजवा-डावा उलटा केलेला होता, म्हणजे इंधनाचं झाकण आणि आरसा माझ्या गाडीच्या बाजूला यावेत. 11 हा आकडा आरशात पाहिला तरी 11 च दिसतो, म्हणून तोच फोटो निवडला. कडेचा जाहिरातीचा फलक कापून टाकला होता, नाहीतर त्यावरची अक्षरं उलटी दिसली असती. जुना फोटो दाखवला तर त्यात कुठेतरी अक्षरं आहेत का पाहा, आणि नसतील तर पूर्ण चौकट मागा.

आता खुद्द गाडी. इंजिन खरं होतं, गिअरबॉक्स खरा होता, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) लुकास कंपनीचा आणि त्यावर ठोकलेली तारीखही काळाला धरून. कुठल्याही सुट्या भागाकडे पाहून काही कळलं नसतं, कारण सुटे भाग जमवलेले आणि अस्सल होते. खोटी होती ती त्यांना धरून ठेवणारी चौकट. नळीचं एक टोक उघडून आत बारीक कॅमेरा घातला तर आत गंज नाही, तेलकट काजळी नाही, नळी बनवतानाचा शिवणीचा पट्टा लख्ख. मग बारीक मापं घेणारा व्हर्निअर लावला. त्या काळची ब्रिटिश नळी इंचात आणि गेजात (पत्र्याच्या जाडीचं जुनं ब्रिटिश माप) असायची, दीड इंच म्हणजे 38.1 मिलिमीटर, भिंत 16 गेज म्हणजे साधारण 1.63. माझी निघाली 38 आणि दीड मिलिमीटर. बाहेरच्या मापातला फरक रंगात आणि घासण्यात हरवू शकतो, त्यावर भिस्त ठेवू नका, पण भिंतीची जाडी सगळीकडे सारखीच मेट्रिक निघाली की वादाला जागा राहत नाही. दिसतील तिथे विटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, आट्यांचे बोल्ट होते, आणि सीटखाली, जिथे हात जात नाही तिथे, मेट्रिक.

आकड्यांचं तर सगळ्यात सोपं होतं, भिंगातून पाहायला हवं होतं इतकंच. 1950 च्या दशकात ठोकलेल्या आकड्याच्या खाचेत तळाला त्या वेळचा रंग असतो, वर पुढच्या मालकांचे थर. माझ्या आकड्यांच्या तळाला थेट आजचा करडा प्रायमर होता. जुना दिसणारा रंग फक्त सर्वांत वर, एकच थर.

जाब विचारल्यावर जे उत्तर येतं तेही आधीच माहीत असलेलं बरं. "रेसिंग कारचे भाग बदलतच असतात, चासीसुद्धा." हे खोटं नाही, म्हणूनच ते पटतं. फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत 1929 आणि 1930 मध्ये जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन', हिच्याबद्दल 1990 मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला झाला. तिचा फार थोडाच भाग मूळचा उरला होता, तरी न्यायाधीशांनी तिची ओळख मान्य केली, कारण गाडी म्हणून तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. बदल होत गेले, पण एकाच अखंड गाडीत होत गेले. हा खटला माझ्या तोंडावर फेकण्यात आला. पण अखंड इतिहासासाठी आधी इतिहास लागतो. कुणी, कधी, कुठल्या गॅरेजात चासी बदलली, जुनीचं काय झालं, याचा एखादा कागद, बिल, कुणाची तरी आठवण. माझ्या गाडीचा इतिहास त्या बनावट पत्रापासून सुरू होत होता.

पैसे परत मिळाले नाहीत. विकणाऱ्याने 'अज्ञात' लिहून दिलं होतं, तज्ज्ञाने 'माझ्या मते'. दोघांचं संगनमत होतं हे आमच्या लक्षात आलं, पण सिद्ध करण्याइतका कागद हाती नव्हता. अशी गाडी दाखवली गेली तर सौद्याआधी विकणाऱ्याकडून लिहून घ्या की चासीवरचे आकडे त्याच्या ताब्यात असताना ठोकलेले नाहीत, आणि गाडी त्याने कुणाकडून, कधी घेतली. खरोखर अनोळखी गाडी विकणाऱ्याला हे लिहून द्यायला अडचण नसते. आणि तज्ज्ञ असा गाठा, ज्याचं नाव विकणाऱ्याच्या बोलण्यात कधीही आलेलं नाही.

गाडी मी ठेवली आहे. जुन्या भागांवर अलीकडे बनवलेली स्पेशल (एकटीच घडवलेली गाडी), अशी तिची नोंद केली. तिच्या फाइलमध्ये ते पत्र आणि तो फोटोही आहे, दोन्हींवर आरपार भोकं पाडून 'बनावट' असा शिक्का मारलेला. फाडून टाकणार होतो. मग त्या संग्राहकाने सांगितलं की अशा पत्राच्या आणखी प्रती नक्की फिरत असणार, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ताडून पाहायला एक तरी खोटी प्रत हाताशी हवी.