दाव्हू की नेय: नेपोलियनचा जास्त भरवशाचा मार्शल कोण?

दोघांनाही मार्शलपद, म्हणजे फ्रेंच सैन्यातला सर्वोच्च मान, १८०४ मध्येच मिळालं. नेय पिंप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, दाव्हू खानदानी सरदार घराण्यातला. पण फरक दिसतो तो रणांगणावर.

१४ ऑक्टोबर १८०६, आजच्या जर्मनीतलं आउअरश्टेट. दाव्हूकडे जेमतेम २६-२७ हजार सैनिक, समोर दुपटीहून जास्त प्रशियन (प्रशिया हे तेव्हाचं बलाढ्य जर्मन राज्य). दाट धुक्यात दाव्हूच्या हाताखालचा सेनानी गुदँ याच्या डिव्हिजनने (मोठ्या तुकडीने) हासेनहाउझेन गाव धरून ठेवलं. मग फ्रियाँ आणि मोराँ या त्याच्या दुसऱ्या दोन सेनानींच्या तुकड्या जशा पोहोचल्या तशा दाव्हूने दोन्ही बाजूंना नेमक्या जागी उभ्या केल्या. दाव्हूची सुमारे ७ हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली, पण प्रशियाची मुख्य फौज मोडली. त्याच दिवशी खुद्द नेपोलियन जवळच्याच येनाला तुलनेने लहान फौजेशी लढत होता! माझ्या मते त्या काळातली कुठल्याही मार्शलची ही सर्वोत्तम कामगिरी.

नेयचं मोठेपण वेगळं. १८१२ मध्ये रशियातून माघार घेताना क्रास्नोईजवळ तो पुरता कोंडीत सापडला. शरण जायला साफ नकार देऊन रात्री नीपर नदीच्या पातळ बर्फावरून त्याने माणसं पार नेली. हजाराहून कमी उरली, पण ती नेपोलियनपर्यंत पोहोचली. असं काळीज दाव्हूकडेही नव्हतं, असं मला वाटतं.

मात्र वॉटर्लूला हाच नेय पायदळाची नीट साथ नसताना घोडदळाचे हल्ल्यांवर हल्ले चढवत राहिला. दाव्हू तेव्हा युद्धमंत्री म्हणून पॅरिसमध्ये अडकला होता. दोघांच्या जागा उलट असायला हव्या होत्या, हे माझं ठाम मत आहे.