लेव्हेटिरासेटाम ५०० : गोळीला चार स्टार, आमच्या मेडिकलला पाच

आधी रेटिंग देऊन टाकते, घाईत असणाऱ्यांना पुढं वाचायला नको. गोळीला पाचपैकी चार. विश्रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलला पाच. आणि मधे ज्या ॲपवरून मागवत होतो त्याला एक, तो पण डिलिव्हरीवाल्या पोराचा, बिचारा भर पावसात आला होता.

लेकीला ही गोळी चालू आहे, फिटसाठी. ती पुण्यात इंजिनियरिंगला, हॉस्टेलवर, आम्ही सांगलीत. तिचा प्रकार जेएमई, म्हणजे ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि बऱ्याचदा मोठी फिट येईपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण आधी नुसते सकाळचे झटके असतात. ब्रश हातातून उडायचा, चहा सांडायचा, सासूबाई म्हणायच्या पोरगी धांदरट आहे, रात्रभर मोबाईल बघते मग काय होणार. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की सकाळी उठल्या उठल्या हातातून वस्तू पडतात का, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. असलं काही घरात कुणाचं होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, किरकोळ वाटलं तरी, कारण फिटच्या सगळ्या गोळ्या सगळ्या प्रकारांना चालत नाहीत, कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनसारख्या जुन्या नावाजलेल्या गोळ्यांनी हे झटके उलट वाढू शकतात.

मग हीच गोळी का, तर या प्रकारावर व्हॅलप्रोएट फार चांगलं चालतं असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, पण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. गरोदरपणात चालू असेल तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो, पुढं मुलाच्या शिकण्या-बोलण्यावरही परिणाम होऊ शकतो. मी म्हटलं अहो अजून लग्नाचा विषय पण नाही, तर म्हणाले हे औषध बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं लागतं, तेव्हा घाईत बदलण्यापेक्षा आत्ताच विचार करू. पटलं. (कुणाच्या मुलीला व्हॅलप्रोएट चालू असेल तर हे वाचून आज रात्री बंद करू नका, डॉक्टरांकडं जा आणि विचारा.)

आता गोळीबद्दल. काम करते. २५० पासून सुरू करून हळूहळू वाढवली, आता सकाळी ५०० ची एक आणि रात्री दीड. झटके थांबले, मोठी फिट परत आलेली नाही. जेवणाआधी की नंतर याची भानगड नाही, इतर औषधांशी फारसं भांडण नाही. ही गोळी बरीचशी किडनीवाटे बाहेर जाते म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं, किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, घरातल्या वयस्कर माणसाला चालू असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

एक स्टार कापला तो चिडचिडीसाठी. पेंग येते हे सगळे सांगतात, ती काही आठवड्यात कमी झाली पण. चिडचिडीचं कुणी एवढं ठासून सांगत नाही. आमची मुलगी मुळात शांत, ती मेसमधल्या मावशींशी भाजीवरून भांडली, माझा फोन अर्ध्यात कापला, शेवटी रूममेटनं मला फोन केला, काकू हिचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांना विचारलं तर त्यांना अजिबात नवल नाही, म्हणाले या गोळीचा हा माहितीतला त्रास आहे, डोस जरा सावकाश वाढवू, आणि उदास राहायला लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असलं काही बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच फोन करा. तसंच तापाबरोबर अंगावर पुरळ आणि गाठी सुजल्या तर तेही लगेच दाखवायचं, २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं याच गोळीबद्दल तशी वॉर्निंग दिली होती, असं क्वचित होतं पण झालं तर गंभीर असतं. पण काहीही झालं तरी आपल्या मनानं गोळी बंद नाही करायची. एकदम थांबवली की फिट परत येते, कधीकधी एकामागून एक.

आता ॲपचं रामायण. डिस्काउंट बघून ह्यांनीच चालू केलं होतं. दोन-तीनदा व्यवस्थित आलं, मग एकदा हॉस्टेलवर पार्सल आलं त्यात कंपनी वेगळी, गोळीचा रंग वेगळा, आणि नावापुढं बारीक अक्षरात एक्सआर. कस्टमर केअरचं उत्तर, मॅडम सॉल्ट (म्हणजे आतलं मूळ औषध) सेम आहे. अहो सॉल्ट सेम असेल, पण एक्सआर म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी, ती चोवीस तासात एकदाच घ्यायची असते आणि तोडायची-चावायची नसते, आणि आमची पोरगी रोज रात्री गोळी अर्धी करून दीड घेते! तिनं स्ट्रिपचा फोटो पाठवला म्हणून कळलं. बदलून मागितली तर म्हणे चार दिवस लागतील. दिवसाला दोनदा घ्यायच्या औषधाला चार दिवस. रिफंड मात्र लगेच दिला, तो काय करायचाय.

मग परत मेडिकलवाले काका. मला त्यांच्याबद्दलच जास्त लिहायचं होतं खरं तर.

दुकान एवढंसं आहे, बसायला स्टूल नाही, कार्ड घेताना तोंड वाकडं करतात. पण स्ट्रिप कशी कापतात ते बघा. बऱ्याच दुकानात सहा गोळ्या मागितल्या की कात्री कुठूनही चालवतात आणि एक्सपायरी, बॅच नंबर छापलेला तुकडा नेमका दुकानातच राहतो. काका स्ट्रिप उलटी करून आधी एक्सपायरी कुठं आहे ते बघतात आणि ती बाजू आपल्याला देतात. फिटच्या औषधाची तर स्ट्रिप कापतच नाहीत, पूर्ण घ्या म्हणतात. प्रिस्क्रिप्शन दर वेळी बघतात, ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी. आमची कंपनी कोणती ते त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे, ती संपत आली की आधी मागवून ठेवतात आणि नाहीच मिळाली तर फोन, वहिनी या वेळी दुसरी येतीय, डॉक्टरांना विचारून सांगा मग देतो.

कंपनी बदलली तर आकाश कोसळतं असं नाही हं, डॉक्टर म्हणाले जेनेरिक चांगलीच असतात, परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथं लेव्हेटिरासेटाम मिळतं आणि ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. फक्त ठरवून, सांगून बदला आणि मग तीच चालू ठेवा. दर महिन्याला रंग-आकार बदलत राहिला की माणूस चुकतो, एखादी दोनदा घेतो, एखादी हीच का ती म्हणून घेतच नाही. आणि स्टॉक आहे का ते संपायच्या आधी विचारा, संपल्यावर नाही.

आणखी एक, ज्यासाठी पाचवा स्टार. गणपतीत लेक घरी आली होती आणि जुलाब लागले. ह्यांनी जाऊन जुलाबाची गोळी मागितली, नेहमीची ओफ्लोक्सासिनवाली. काकांनी विचारलं कुणाला, लेकीला म्हटल्यावर काढलेली स्ट्रिप परत ठेवली आणि म्हणाले फिटच्या पेशंटला ही अशी नाही द्यायची, यानं फिटची शक्यता वाढते, नुसतं ओआरएस न्या आणि डॉक्टरांना फोन करा. सिप्रोफ्लोक्सासिनचंही तेच, आणि दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलचंही. हे त्या ॲपनं कधी विचारलं असतं का?

उलटी-जुलाबात गोळी अंगी लागली की नाही हा वेगळाच प्रश्न. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर परत द्यायची का, हे आम्ही डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घेतलंय. विसरलेल्या डोसचं सोपं आहे, आठवली की घ्यायची, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर मागची सोडून द्यायची, दोन एकदम नाही. वारांची नावं असलेली डबी घ्या, काकांकडं मिळते, घेतली का नाही हा वाद संपतो. प्रवासात गोळ्या खांद्यावरच्या बॅगेत, एसटीच्या डिकीत नाही.

बाकी पथ्य म्हणाल तर झोप. जेएमईला जागरण म्हणजे आमंत्रणच, त्यामुळं विसर्जनाची रात्र, कोजागिरी, सबमिशनच्या आदली रात्र, हे सगळं तिला बंद. रडली आधी. नवरात्रात सासूबाईंचं सुरू झालं की उपवासाला गोळी चालते का, त्यांना सांगितलं देवीला चालते.

हॉस्टेलवरच्या मुलींना काय शिकवलंय तेही लिहिते. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, दाबून धरायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकातला स्प्रे, जेवढे लिहिलेत तेवढेच पफ, आणि १०८ ला फोन. स्प्रे तिच्या टेबलाच्या वरच्या खणात असतो, कुलूप नाही, चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्याचीही एक्सपायरी असते, वापरला नाही तरी बदलावा लागतो, ते पण काकांच्या वहीत आहे.

डिस्काउंट म्हणाल तर ॲपइतका देत नाहीत, थोडाफार देतात, मागावा लागतो. होम डिलिव्हरी नाही. दुपारी एक ते चार बंद आणि त्या वेळात फोन केला तर ओरडतात.